जुन्या ३०१८ सीएनसीवर लेझर बसवला, साडेचार महिन्यांचा हिशोब

पार्सल आलं अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आणि मी लिहायला बसलोय रथसप्तमी होऊन गेल्यावर, मधे साडेचार महिने गेले, म्हणजे नव्याचे नऊ दिवस केव्हाच संपले आणि आता जे काय आहे ते सरळ सांगता येईल. वस्तू म्हणजे लेझर मॉड्यूल, ४५० नॅनोमीटरचा निळा डायोड, खरी ऑप्टिकल पॉवर साडेपाच वॅट, मला साधारण नऊ हजारात पडलं. बसवलं माझ्या ३०१८ सीएनसीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ३०० बाय १८० मिलिमीटरमधे काम करणारं छोटंसं राउटर, म्हणजे फिरत्या बिटने लाकूड कोरणारं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, बिट फिरवणारं स्पिंडल म्हणून ७७५ ची मोटर, आत ग्रबल, म्हणजे कॉम्प्युटरचे हुकूम वाचून मोटर हलवणारा प्रोग्राम, हौशी माणसाचं पहिलं मशीन बरेचदा हेच असतं.

मी राहतो बडोद्यात, दांडिया बाजारात, नोकरी मकरपुरा जीआयडीसीत मेंटेनन्सला. वायर बघून घाबरणारा माणूस नाही, पण कॉन्टॅक्टर आणि रिले इथपर्यंत आपली धाव, पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद करून पॉवर कमीजास्त करायचा सिग्नल) म्हटलं की भाच्याला फोन. भाचा टेक्नोला आहे, म्हणजे इंजिनिअरिंगला, कलाभवनच्या आवारात. आमचे आजोबा पण तिथलेच, सयाजीरावांनी १८९० साली हुन्नर शिकवायला काढलेलं ते कलाभवन, त्यामुळे घरात हत्यारांची पेटी पिढीजात आणि नवीन हत्यार आलं की सगळं घर गोळा होऊन बघणार हे ठरलेलं. आमची ही फक्त एवढंच म्हणाली, "अहो, याने माझ्या हळदीकुंकवाचं वाण होईल ना?" हो म्हणून बसलो. ते वाण पुढे येईलच.

आधी डबा. डब्यावर हे मोठं लिहिलेलं, ४० वॅट. हे चाळीस वॅट म्हणजे काय तर फार तर आत जाणारी वीज, ती पण फुगवून, बाहेर पडणारा उजेड त्याचा सातवा-आठवा हिस्सा. सगळेच विकणारे असं करतात, त्यामुळे घेताना "ऑप्टिकल किंवा आउटपुट पॉवर किती" हे एकच वाक्य विचारायचं, त्याला सरळ उत्तर नाही आलं तर पुढे जायचं. माझ्या विकणाऱ्याच्या पानावर खाली बारीक अक्षरात ५.५ लिहिलेलं होतं म्हणून घेतलं. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण पुढे थोडी शिव्या-शाप आहेत आणि त्यातल्या अर्ध्या माझ्याच अंगावर उलटल्यात.

डब्यात मॉड्यूल, वरती छोटा पंखा, मागे छोटा ड्रायव्हर बोर्ड, तीन तारांची एक वायर, फोकससाठी अॅक्रिलिकचा एक तुकडा आणि एक चष्मा. वायर ३० सेंटिमीटर. अरे बाबांनो, मशीनचं डोकं ३०० मिलिमीटर इकडून तिकडे जातं, त्याला ३० सेंटिमीटरची वायर देऊन तुम्हाला काय सुचवायचंय? रावपुऱ्यात जाऊन दीड मीटर वायर, कनेक्टर आणि केबल चेन आणली. दुकानदाराला मॉड्यूल दाखवलं तर उलटंपालटं करून म्हणाला, "साहेब, आ तो चायना नो माल, चाले त्यां सुधी चाले." हीच वॉरंटी समजा.

आता वायरिंग, कारण इथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मॅन्युअल म्हणून जे एक पान आलंय त्यात याबद्दल चित्राशिवाय काहीही नाही.

३०१८ च्या बोर्डवर लेझरचं तीन पिनचं सॉकेट असतं, १२ व्होल्ट, ग्राउंड आणि पीडब्ल्यूएम. बघितल्यावर वाटतं लावलं की झालं. पण मशीनचा सप्लाय २४ व्होल्टचा, बोर्ड त्यातून १२ बनवून देतो ते छोट्या अर्ध्या-एक वॅटवाल्या लेझरसाठी, या धटिंगणाला अडीच-तीन अँपिअर लागतात. लावलात तर बोर्ड तापतो आणि लेझर मधेच मान टाकतो. म्हणून १२ व्होल्ट ५ अँपिअरचं वेगळं अडॅप्टर घेतलं, त्यातून लेझरला पॉवर आणि बोर्डवरून फक्त पीडब्ल्यूएमची एक तार. इथे मी गाढवपणा केला. अडॅप्टरचं ग्राउंड आणि बोर्डचं ग्राउंड एकमेकांना जोडलंच नाही. आता सिग्नल म्हणजे दोन तारांमधला फरक, एकच तार नेली तर लेझर मोजणार कशाच्या सापेक्ष? झालं काय, लेझर कधी पूर्ण पेटायचा, कधी पेटायचाच नाही, कधी मी वायरला हात लावला की लुकलुकायचा. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी भाचा आला, चहाचा कप हातात धरून एकदा वाकून बघितलं आणि म्हणाला, "मामा, ग्राउंड कॉमन कुठाय?" चहा संपायच्या आत काम झालं, त्याला सेव-उसळ खायला घातली.

दुसरा प्रकार जरा गंभीर. मशीन बंद होतं, मी लेझरचं अडॅप्टर आधी चालू केलं आणि लेझर भकन पूर्ण ताकदीने लागला. कारण बोर्ड चालू नसताना किंवा नुकता चालू होत असताना ती पीडब्ल्यूएमची पिन अधांतरी असते, ना हो ना नाही, आणि माझ्या ड्रायव्हरने अधांतरीचा अर्थ हो असा घेतला. टेबलावरच्या एमडीएफला भोक पडलं, ते अजून आहे, मी भरत नाही मुद्दाम. उपाय दोन रुपयाचा, पीडब्ल्यूएम आणि ग्राउंडच्या मधे १० के चा रेझिस्टर, म्हणजे कोणी काही सांगत नसेल तेव्हा सिग्नल खाली खेचलेला राहतो. आणि सवय लावून घेतली, आधी मशीन, मग कॉम्प्युटरला कनेक्ट, सगळ्यात शेवटी लेझरचं अडॅप्टर, बंद करताना बरोबर उलटं. शिवाय अडॅप्टरच्या लाइनमधे लाल मशरूम बटण, कंपनीत असतं तसलंच. नऊ हजाराच्या किटमधे दोन रुपयाचा रेझिस्टर घालायला यांच्या बापाचं काय जात होतं हा माझा पहिला आक्षेप.

आणखी एक, या मशीनच्या बोर्डवर स्पिंडल आणि लेझर बहुतेक एकाच पीडब्ल्यूएमवर असतात, म्हणजे लेझरला हुकूम दिला की स्पिंडल पण गरगरायला लागतं. स्पिंडलचा कनेक्टर काढून ठेवायचा. ज्यांचं मशीन अर्डुइनो उनो आणि त्यावर बसणाऱ्या सीएनसी शील्ड बोर्डवर आहे त्यांच्यासाठी सांगतो, शील्डवर जे छापलंय त्यावर जाऊ नका, ग्रबलच्या नवीन व्हर्जनमधे पीडब्ल्यूएम ११ नंबर पिनवर येतं आणि शील्डवर तिथे झेडच्या (वर-खाली हालचालीच्या) लिमिट स्विचचं नाव छापलेलं आहे. माझ्या एका मित्राने यावर एक अख्खा रविवार घालवला.

बसवणं. सुरुवातीला मी स्पिंडल काढून त्याच खोबणीत लेझर बसवत होतो. दर वेळी अर्धा तास, आणि परत स्पिंडल लावलं की ते काटकोनात आहे का बघत बसा. मग कंपनीतल्या भंगारातून अॅल्युमिनियमची पट्टी आणून (विचारून आणली, उगाच शंका नको) स्पिंडलच्या पुढच्या बाजूला कायमचं बसवून टाकलं. तोटा असा की लेझर पुढे आल्यामुळे वायमधे, म्हणजे मागे-पुढे, ५५ मिलिमीटर जागा गेली, १८० चे १२५ उरले. मला चालतं. फक्त लेझर लावताना कोलेटमधलं, म्हणजे स्पिंडलच्या पकडीतलं, बिट काढायचं लक्षात ठेवा, नाहीतर फोकस करायला डोकं खाली आणलं की लेझरच्या आधी बिटच लाकडाला भेटतं.

यानंतर मी जवळजवळ एक स्टार देणार होतो. सगळं जोडून पहिला टेस्ट पॅटर्न चालवला तर लाकडावर नुसती बदामी रेघ, नखाने खरवडली तर जाईल अशी. १०० टक्के पॉवर टाकली तरी तेच. फसवलं म्हणालो, विकणाऱ्याला लांबलचक मेल लिहिला, त्यात "ग्राहक न्यायालय" हा शब्द पण होता. त्यांचं उत्तर आलं एका ओळीत, $३० किती आहे बघा. बघितलं, १०००० होतं. $३० म्हणजे ग्रबलच्या मते जास्तीत जास्त एस (पॉवरचा आकडा) किती, आणि माझं सॉफ्टवेअर पूर्ण पॉवर म्हणून एस १००० पाठवत होतं. म्हणजे मी इतके दिवस दहा टक्क्यावर चालवत होतो आणि शिव्या घालत होतो. $३०=१००० केलं आणि पुढचीच रेघ अशी काळी कुळकुळीत खोल आली की मीच दचकलो. माफीचा मेल पाठवला. त्याला उत्तर आलं नाही.

बाकी सेटिंग म्हणजे $३२=१, हा लेझर मोड. तो नसेल तर दर वेळी पॉवर बदलताना मशीन एक क्षण थांबतं आणि जिथे थांबतं तिथे काळा ठिपका, फोटो कोरताना तर देवी आल्यासारखं दिसतं. आणि लेझर चालू करायच्या हुकुमात एम३ ऐवजी एम४ वापरा. एम३ मधे पॉवर ठरलेली राहते, मशीन हळू झालं तरी तितकीच, त्यामुळे कोपऱ्यात आणि ओळीच्या टोकाला जळतं. एम४ मधे वेग कमी झाला की पॉवर पण त्या प्रमाणात कमी होते. ३०१८ सारख्या जड आणि आळशी मशीनला तर एम४ शिवाय इलाज नाही. फक्त परत राउटिंगला जाताना $३२=० करायचं, मी एकदा विसरलो, स्पिंडल पूर्ण स्पीडला यायची वाट न बघता मशीन निघालं आणि नवा व्ही बिट गेला.

सॉफ्टवेअरमधे लेझर-जीआरबीएल फुकट आहे, विंडोजवर चालतं, फोटो कोरायला आणि सुरुवात करायला उत्तम. पैसेवालं लाइटबर्न ३० दिवस ट्रायलवर वापरलं आणि एकविसाव्या दिवशीच विकत घेतलं, यातच काय ते समजा.

आता या जोडीची खरी ताकद आणि खरा दुबळेपणा, कारण "मशीन आहेच तर लेझर लावू" आणि "सरळ लेझर मशीनच घेऊ" यातलं ठरवायचं असेल तर एवढं वाचलं तरी पुरे.

ताकद म्हणजे झेड. नुसत्या लेझर मशीनला बहुधा झेड नसतो, मॉड्यूल हाताने वरखाली सरकवून फोकस करतात. इथे झेड आहे आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत हलवता येतो. मी एकदाच एक टेस्ट केली, फळीवर २० मिलिमीटरच्या छोट्या रेघा, प्रत्येक रेघेला झेड पाव मिलिमीटर वर, अशा चाळीस. मग भिंग घेऊन सगळ्यात बारीक रेघ कुठली ते बघितलं. सोबतच्या अॅक्रिलिकच्या तुकड्याने जो फोकस येत होता तो यापेक्षा पाऊण मिलिमीटर चुकीचा निघाला! त्यानंतर तो तुकडा फेकून दिला आणि स्वतःचा एमडीएफचा ब्लॉक कापून घेतला. जाड लाकूड कापताना दर पासला, म्हणजे दर फेरीला, झेड थोडा खाली नेता येतो, हा पण फायदा.

दुबळेपणा म्हणजे वेग. लेझरची मशीनं बेल्टवर पळतात, ३०१८ स्क्रूवर चालतं. स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकवतो, म्हणजे एका मिलिमीटरला ८०० स्टेप्स, आणि ग्रबल त्या छोट्या चिपवर सेकंदाला साधारण ३० हजार स्टेप्स देऊ शकतं. भागाकार करा, मिनिटाला २२५० मिलिमीटर, त्याच्या पुढे कागदावर पण जाता येत नाही. प्रत्यक्षात माझी मोटर १५०० च्या वर रडायला लागते आणि स्टेप्स चुकतात, म्हणून मी १२०० वर थांबलो. आता शंभर बाय शंभरचा फोटो घ्या, दर ०.१ मिलिमीटरला एक ओळ म्हणजे १००० ओळी, प्रत्येक १०० मिलिमीटर, एकूण एक लाख मिलिमीटर, १२०० ने ८३ मिनिटं, वर प्रत्येक टोकाला वळायचा वेळ धरला तर दोन तासाला जाऊन भिडतं. बाबांचा फोटो कोरायला घेतला तेव्हा जेवण झालं, बातम्या झाल्या, झोप यायला लागली, फोटो कपाळापर्यंतच. आणि एकटं सोडून जाता येत नाही, तो आगीचाच खेळ आहे.

शिवाय स्क्रूमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा. जाताना आणि येताना दोन्हीकडून कोरलं तर एकाआड एक ओळी किंचित सरकतात आणि अक्षराची कड कंगव्यासारखी दिसते. एकाच दिशेने कोरलं की कड सुरेख येते पण वेळ जवळपास दुप्पट. लाइटबर्नमधे ऑफसेट देऊन दुरुस्त करता येतं, मी केलंय, नव्वद टक्के जातं.

मराठीत कोरणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मला कुठल्याच व्हिडिओत मिळाली नाही. नावाची पाटी करायची म्हणून नाव टाइप केलं, पाथमधे, म्हणजे रेघांच्या आकारात, बदललं, आत भरून कोरायला दिलं तर शिरोरेघेवर प्रत्येक अक्षराच्या सांध्यापाशी पांढरी खाच! फॉन्टमधे एका अक्षराची शिरोरेघ पुढच्या अक्षराच्या शिरोरेघेवर थोडी चढलेली असते म्हणजे स्क्रीनवर सलग दिसावं, पण सॉफ्टवेअर दोन आकार एकमेकांवर आले की तेवढा भाग भोक समजून सोडून देतं. इंग्रजी अक्षरं सुटी असतात म्हणून त्यांना हा त्रासच नाही. उपाय म्हणजे इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधे सगळं सिलेक्ट करून युनियन, किंवा लाइटबर्नमधे वेल्ड, शिरोरेघ एकसंध होते. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टच्या वाटेला जाऊ नका, कॉपी करताना जोडाक्षरांचा चुराडा होतो. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट फुकट आहेत, दोन्ही मी वापरतो. बारीक अक्षरात बलू चांगला, गोलाई आहे म्हणून. अनुस्वार, नुक्ता आणि र्‍हस्व उकाराची पोकळी, या तीन जागा मिलिमीटरच्या आत गेल्या की भरून जातात, म्हणून अक्षराची उंची मी १० मिलिमीटरच्या खाली नेत नाही. शेजारच्या काकूंच्या पाटीवर "कुलकर्णी" मधला रफार एवढा जाड आला की काका म्हणाले, टोपी घातल्यासारखा दिसतोय. परत करून दिली.

कशावर काय चालतं. पाइन आणि एमडीएफवर मस्त. सागवानावर कोरीव छान खोल येतं पण तेलकट लाकूड, आजूबाजूला धुराचा पिवळा डाग बसतो, आधी मास्किंग टेप लावायची, कोरून झाल्यावर सोलायची. ३ मिलिमीटर एमडीएफ २०० च्या वेगाने तीन पासमधे आरपार. साधं कमर्शियल प्लाय मात्र लॉटरी, एका जागी दोन पासमधे पडतं आणि तिथून चार बोटांवर आत डिंकाची गाठ आली की पाच पास देऊन पण लोंबकळत राहतं. पारदर्शक अॅक्रिलिक जमत नाही, निळा उजेड त्यातून आरपार जातो आणि खालचं टेबल जळतं, त्यासाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा) लेझरच पाहिजे, मकरपुऱ्यात जॉबवर्क करणारे आहेत, त्यांच्याकडून करून आणतो. काळ्या अॅक्रिलिकवर कोरतं.

सगळ्यात आवडलं ते दगडी पाटीवर. लहानपणची ती लाकडी चौकटीची पाटी, त्यावर लेझर फिरला की अक्षर पांढरट उमटतं, खडूने लिहिल्यासारखं, पण पुसलं जात नाही. दसऱ्याला पुतणीच्या मुलीच्या पाटीपूजनाला कोपऱ्यात सरस्वतीची आकृती आणि तिचं नाव कोरून दिलं, मधली जागा मोकळी, लिहायला. त्या पाटीच्या जोरावर घरात मशीनला इज्जत मिळाली.

आणि रेक्झिन, नाही म्हणजे नाही. त्यात पीव्हीसी असतं, जाळलं की क्लोरीनचा आम्ल वायू निघतो, छातीला वाईट आणि मशीनचे स्क्रू पण गंजतात. एकाने रेक्झिनच्या शंभर डायऱ्यांवर कंपनीचा लोगो मारायला विचारलं, चांगले पैसे होते, हात जोडले.

चष्मा. किटमधे आलेल्या चष्म्यावर ना तरंगलांबी छापलेली ना ओडी, म्हणजे उजेड किती अडवतो, ते, म्हणजे तो गॉगल आहे, उन्हात घाला. हे क्लास फोर, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या वर्गातलं लेझर आहे, सरळ किरणाचं तर सोडाच, लाकडावरून उसळलेला उजेड सुद्धा जवळून बघायच्या लायकीचा नाही. ४५० नॅनोमीटरचा आकडा आणि ईएन २०७ (लेझर चष्म्यांचं मानक) छापलेला चष्मा वेगळा घेतला, मॉड्यूलच्या मानाने महाग वाटला तरी घेतला. दोन घेतले, एक भाच्यासाठी. पुढे प्लायचं खोकं करून त्याला नारिंगी खिडकी लावली, मागे सहा इंची एक्झॉस्ट, त्याला डक्ट, डक्ट गच्चीत. तोपर्यंत काय चालायचं ते विचारू नका. ही स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, काय जळतंय, दूध तर मी ठेवलं नाही!" आणि पलीकडच्या बेन खिडकीतून, "भाई, लाकडां बाळो छो के शुं?" अगरबत्तीचा काही उपयोग होत नाही, करून बघितलंय.

हवेसाठी फिशटँकचा छोटा पंप लावला, पाचशेच्या आत. कोरताना फरक फार नाही, पण कापताना ज्योत विझते, कड कमी काळी होते आणि मुख्य म्हणजे लेन्सवर धूर बसत नाही. पंप नव्हता तेव्हा दोन आठवड्यांतच माझी पॉवर कमी वाटायला लागली होती, लेन्सवर तपकिरी थर, आयसोप्रोपिल आणि कानातल्या काडीने हलकेच पुसलं की परत पहिल्यासारखं.

तर वाण. हिला हव्या होत्या ४० लाकडी चकत्या, ५५ मिलिमीटरच्या, वर कमळ आणि "तिळगूळ घ्या", मागे मॅग्नेट, फ्रिजला लावायच्या. मी कमळ भरीव काढलं होतं. एक चकती पस्तीस मिनिटं. चाळीसला तेवीस तासांच्या वर, आणि संक्रांतीला उरलेले सहा दिवस, संक्रांत आणि तिचा दुसरा दिवस तर बडोद्यात उत्तरायणाचे, तेव्हा गच्चीवर डक्टच्या तोंडाशी पतंगवाले उभे असणार. मग अक्कल आली. भरीव कमळ काढून नुसत्या रेघांचं केलं, पाकळ्यांना दुहेरी रेघ, अक्षर फक्त भरीव. पाच मिनिटं! याच मशीनवर एमडीएफची चौकट कापली, पाचाच्या दोन ओळी, दहा भोकं, त्यात चकत्या ठेवायच्या आणि एकदा स्टार्ट. दोन संध्याकाळी काम संपलं, आणि रेघांचं कमळ भरीवपेक्षा देखणं दिसतं असं बायकांचं मत पडलं, त्यात मी काही बोललो नाही. तेव्हापासून या मशीनवर डिझाइन करताना पहिला विचार हाच, भरायचं कमी आणि रेघ जास्त, स्क्रूवाल्या मशीनला तेच झेपतं.

स्टार द्यायचे तर मॉड्यूलला चार, ठिपका खरंच बारीक आहे आणि इतक्या वापरात पॉवर उतरलेली नाही, पंख्याचा आवाज तेवढा डोकं उठवतो. किट म्हणून अडीच, वायर, चष्मा, रेझिस्टर, मॅन्युअल सगळीकडे कंजुषी. वरचा खर्च धरला, म्हणजे अडॅप्टर, चष्मे, खोकं, एक्झॉस्ट, पंप, केबल चेन, तर सहा-साडेसहा हजार अजून जातात, ते आधीच बाजूला ठेवून मग ऑर्डर करा. ३०१८ आधीपासून घरात असेल आणि नावाच्या पाट्या, वाण, गणपतीच्या मखराचे छोटे तुकडे असलं हौसेचं काम असेल तर घ्या. फोटो कोरून धंदा करायचा असेल तर बेल्टवालं मशीन घ्या, हे मशीन विकून घ्या.

राहिला तो प्रश्न जो घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, भांड्यांवर नाव घालता येतं का? चकचकीत स्टीलवर या पाच वॅटवाल्याने नीट उठत नाही, उजेड उलटा फेकला जातो ते वेगळंच भय. भाच्याच्या बहिणीच्या लग्नाच्या वाट्या ताई माझ्याकडेच घेऊन आली होती, तुझ्याकडे एवढं मशीन आहे म्हणून. पिशवी उचलली आणि तिला घेऊन मांडवीजवळच्या भांडीवाल्याकडे गेलो. त्याने ती गुर्रर करणारी पेन घेतली आणि गप्पा मारत मारत अकरा वाट्यांवर नाव, गाव, तारीख घालून दिली, सात-आठ मिनिटं लागली असतील. शिरोरेघ सलग होती.